ॲनिमे बघायचं, पण कुठं? कायदेशीर मार्ग, खर्चाचा हिशेब आणि नव्यांसाठी शिफारशी

बेळगाव : ॲनिमेचा नाद लागलेली कॉलेजची पोरं कट्ट्यावर जमली की गप्पा दोन प्रश्नांवर येतात. काय बघावं आणि कुठं बघावं? पहिल्या प्रश्नाला दहा उत्तरं लगेच मिळतात. दुसऱ्यावर मात्र वाद होतो. फुकट मिळतंय तर पैसे कशाला द्यायचे, असं एकाचं म्हणणं असतं. चोरून बघणं म्हणजे ज्यांनी ते बनवलं त्यांच्या पोटावर पाय, असं दुसरा म्हणतो. आणि तिसऱ्याची अडचण खरी असते. तो पैसे द्यायला तयार असतो, पण त्याला हवी असलेली मालिका भारतात कुणी दाखवतच नाही.

या वादात ऐकीव माहिती फार आहे. भारतात आज कोणते मार्ग आहेत, त्याला खर्च किती येतो, कायदा नेमकं काय म्हणतो आणि सुरुवात कुठून करावी, याची ही सविस्तर माहिती.

ॲनिमे म्हणजे नेमकं काय?

'ॲनिमेशन' या इंग्रजी शब्दाचं जपानी लोकांनी केलेलं लघुरूप म्हणजे ॲनिमे. जपानबाहेर हा शब्द जपानमध्ये बनलेल्या ॲनिमेशनसाठीच वापरतात. जपानी कॉमिक्सना 'मांगा' म्हणतात आणि बहुतेक गाजलेल्या ॲनिमे मालिका मांगावरूनच आलेल्या आहेत. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर सुरू झाली. आठवड्याला एक भाग, कमी चित्रांत काम भागवणं आणि तोटा खेळण्यांच्या व इतर वस्तूंच्या विक्रीतून भरून काढणं, हा धंद्याचा साचा तिथूनच रुळला.

ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. लहानांसाठीचं ॲनिमे आहेच, पण खून-तपास, युद्ध, राजकारण, प्रेम, खेळ, स्वयंपाक, व्यापार असे सगळे विषय त्यात येतात. काही मालिका निव्वळ प्रौढांसाठीच असतात.

भारतात कसं आलं?

आज तिशीच्या आसपास असलेल्यांनी ॲनिमे हा शब्द ऐकायच्या आधीच ॲनिमे बघितलेलं असतं. 'पोकेमॉन', 'ड्रॅगन बॉल झी', 'डोरेमॉन', 'शिनचॅन' हे सगळं जपानीच. सोनीचं 'ॲनिमॅक्स' हे खास ॲनिमेचं चॅनेल भारतात २००४ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये बंद पडलं. त्या सुमारास ज्याला नवी मालिका बघायची होती, त्याच्यासाठी सरळ मार्ग फार कमी उरले होते. फुकट बघण्याची सवय अनेकांना त्या काळात लागली.

एक जुना दुवा थेट आपल्या घरातला आहे. 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा चित्रपट जपानचे युगो साको आणि भारताचे राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. तेव्हा तो आपल्याकडे थिएटरात नीट लागलाच नाही. लोकांनी तो टीव्हीवर बघितला आणि पुढे इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींवर. अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्यानं झळाळून भारतभर थिएटरात आला. कायदेशीर आणि बेकायदेशीर या वादात दोन्ही बाजूंचे लोक याच चित्रपटाचा दाखला देतात.

दुसरा दाखला २०१९ चा. माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज काढला. त्यावर सुमारे ५० हजार सह्या झाल्या. ती मागणी जपानपर्यंत पोचली आणि ११ ऑक्टोबर २०१९ पासून तो भारतातल्या थिएटरांत दाखवला गेला. पुढे शिनकाई यांचाच 'सुझुमे' २०२३ मध्ये इथं आला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा तो जपानीसोबत इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा भाषांत होता, आणि पहाटेच्या खेळांनाही गर्दी झाली.

आज कायदेशीर मार्ग कोणते?

क्रंचीरोल : फक्त ॲनिमेसाठीची सर्वांत मोठी सेवा, सध्या सोनीच्या मालकीची. जपानमध्ये नवा भाग लागला की थोड्याच वेळात इंग्रजी सबटायटलसह इथं येतो. हिंदी, तमिळ, तेलुगू डबही वाढत आहेत. 'सोलो लेव्हलिंग' या तिन्ही भाषांत आहे.

नेटफ्लिक्स : हायाओ मियाझाकी यांच्या स्टुडिओ जिब्लीचे २१ चित्रपट २०२० मध्ये भारतासह अनेक देशांत इथं आले. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' त्यात नव्हता. तो सप्टेंबर २०२४ मध्ये आला. मालिकांचाही साठा चांगला आहे.

प्राइम व्हिडिओ आणि जिओहॉटस्टार : दोन्हीकडे निवडक मालिका आहेत. प्राइमवर 'ॲनिमे टाइम्स' नावाचं वेगळं चॅनेल आहे, पण त्याचे पैसे प्राइमच्या वर्गणीशिवाय वेगळे पडतात. हे न बघता बटण दाबलं तर महिन्याच्या शेवटी खात्यातून जादा रक्कम कापलेली दिसते.

यूट्यूबवर फुकट : हा मार्ग अनेकांना माहीतच नाही. तैवानच्या म्यूझ कंपनीचं 'म्यूझ एशिया' आणि 'म्यूझ इंडिया', तसंच हाँगकाँगच्या मीडियालिंकचं 'ॲनी-वन एशिया' ही चॅनेलं रीतसर हक्क विकत घेऊन पूर्ण भाग फुकट दाखवतात. जाहिराती बघाव्या लागतात आणि काही मालिका ठरावीक मुदतीनंतर काढून घेतल्या जातात, एवढंच.

टीव्ही : 'नारुतो' २०२२ मध्ये सोनी येवर हिंदीत सुरू झालं. केबल आहे त्या घरात जादा खर्च नाही.

मांगा : शुएइशा या जपानी प्रकाशकाचं 'मांगा प्लस' हे ॲप जानेवारी २०१९ पासून आहे. 'वन पीस'सारख्या चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं तिथं फुकट वाचता येतात.

एखादी मालिका भारतात कुठं आहे हे शोधायला 'जस्टवॉच' ही साइट उपयोगी पडते. 'मायॲनिमेलिस्ट' आणि 'ॲनिलिस्ट'वर मालिकेच्या पानावर अधिकृत दुवे दिलेले असतात. शोधायला दोन मिनिटं पुरतात.

खर्चाचा हिशेब

क्रंचीरोलनं २०२२ मध्ये भारतासाठी दर खाली आणले, तेव्हा सर्वांत स्वस्त प्लॅन महिना ७९ रुपयांचा होता. नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन २०२१ च्या डिसेंबरात १४९ रुपयांवर आला. हे दर धरले तर दोन्ही मिळून महिन्याला २२८ आणि वर्षाला २,७३६ रुपये होतात. दर बदलत असतात, त्यामुळं पैसे भरायच्या आधी अधिकृत ॲपवरचा आकडा बघून घ्यावा.

कॉलेजच्या पोराला २,७३६ रुपये जड वाटू शकतात. पण बाराही महिने दोन्ही ठेवायची गरज नसते. जपानमध्ये नव्या मालिका वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. एका हंगामात साधारण १२ ते १३ भाग असतात. दर आठवड्याला थांबायची घाई नसेल तर हंगाम संपल्यावर एकाच महिन्याची वर्गणी घेऊन सगळे भाग बघता येतात. ७९ रुपयांत १२ भाग म्हणजे भागाला साडेसहा रुपयांच्या आसपास. त्याच महिन्यात दोन-तीन मालिका बघितल्या तर खर्च आणखी उतरतो. फक्त आपोआप नूतनीकरण बंद करायला विसरू नये.

'इथं नाही, तिथं आहे' असं का होतं?

ॲनिमे बहुधा एकटा स्टुडिओ बनवत नाही. प्रकाशक, टीव्ही चॅनेल, संगीत कंपनी, खेळण्यांची कंपनी असे अनेक जण पैसे घालतात आणि त्यांची मिळून 'निर्मिती समिती' तयार होते. हक्क या समितीकडे असतात आणि ते देशवार, मुदतवार विकले जातात. अमेरिकेचे हक्क एकाला, भारताचे दुसऱ्याला. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही की मालिका गायब होते. जुन्या मालिकांचे भारतातले हक्क कधीकधी कुणी विकतच घेतलेले नसतात.

यातूनच एक प्रश्न नेहमी निघतो. आपले ७९ रुपये चित्रं काढणाऱ्या कलाकाराला मिळतात का? थेट नाही मिळत. स्टुडिओला बऱ्याचदा ठरलेली रक्कम मिळते आणि नफा समितीत वाटला जातो. जपानमध्ये कलाकारांच्या कमी पगाराबद्दल बरीच वर्षं तक्रारी आहेत. पण पुढचा सिझन काढायचा की नाही, हे ठरवताना परदेशातून आलेला पैसा मोजला जातो. जपानी ॲनिमेशन संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये एकूण बाजार सुमारे ३.३५ लाख कोटी येनचा होता आणि त्यात परदेशाचा वाटा सुमारे १.७२ लाख कोटी येन, म्हणजे निम्म्याहून जास्त होता.

कायदा काय म्हणतो?

जपानी मालिकेला भारतात संरक्षण नाही, हा समज चुकीचा आहे. भारत आणि जपान दोघंही बर्न कराराचे सदस्य आहेत, त्यामुळं भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ जपानी कलाकृतींनाही लागू होतो. कलम ६३ नुसार जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. उल्लंघन कमाईसाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

नुसतं बघणं गुन्हा आहे का? मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात हा मुद्दा आला. बंद केलेल्या साइटवर 'बघणंही गुन्हा' अशा अर्थाची सूचना झळकायची. न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की गुन्हा बघण्यात नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं यात गुन्हा आहे.

याचा अर्थ चोरीच्या साइटवर बघणं कायदेशीर झालं, असा मात्र नाही. तिथं तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट टॉरेंटची. टॉरेंटनं फाइल उतरवताना तीच फाइल तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना पाठवलीही जात असते. म्हणजे तुम्ही नुसते प्रेक्षक राहत नाही, वाटणारे होता. टेलिग्राम ग्रुपवर भाग टाकणाऱ्यालाही हेच लागू.

दुसरी गोष्ट साइट बंद होण्याची. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या आदेशामुळं बंद केलेल्या साइटची नाव बदलून आलेली जुळी साइटही नव्यानं दावा न लावता बंद करता येते. 'किसॲनिमे' ही एकेकाळची मोठी साइट २०२० मध्ये कायमची बंद झाली, तेव्हा कित्येकांच्या बघितलेल्या भागांच्या याद्याही तिच्याबरोबर गेल्या.

तिसरी गोष्ट थिएटरची. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर थिएटरात मोबाइलवर चित्रपट रेकॉर्ड करणं महागात पडतं. ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. स्टेटसला टाकायला म्हणून आवडता प्रसंग चित्रित करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गणेशोत्सवात गल्लीत पडदा लावून चित्रपट दाखवायचा असेल तर घरची वर्गणी चालत नाही, कारण ते जाहीर प्रदर्शन होतं आणि त्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते. शाळा-कॉलेजांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असले पाहिजेत. शिवाय ओटीटी सेवेच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचाव्यात.

वादाच्या दोन्ही बाजू

फुकट बघण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे काही मुद्दे पोकळ नाहीत. क्रंचीरोल स्वतः २००६ मध्ये चाहत्यांनी टाकलेल्या विनापरवाना व्हिडिओंवर उभी राहिली आणि २००९ पासून फक्त परवान्याच्या वाटेवर आली. जपानबाहेर ॲनिमे पसरलं तेच मुळी चाहत्यांनी स्वतः सबटायटल घालून वाटलेल्या व्हिडिओ कॅसेटमुळं. पण त्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांचा एक शिरस्ता होता. मालिकेचे हक्क आपल्या देशात विकले गेले की वाटणं थांबवायचं. आजच्या चोरीच्या साइट नेमकं उलटं करतात. अधिकृत सेवेवर आलेला भागच उचलून त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतात.

व्हीपीएनवरही असाच वाद रंगतो. दुसऱ्या देशातला साठा बघायला व्हीपीएन वापरणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही. पैसे भरूनही खातं अडकू शकतं.

धोका कायद्यापुरता नाही. प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेली 'मॉड' ॲप संपर्क, मेसेज, फाइल अशा परवानग्या मागतात. ज्या फोनवर घरच्यांचं यूपीआय चालतं, त्याच फोनवर असं ॲप टाकणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं.

मग ज्या मालिकेचे हक्क भारतात कुणाकडेच नाहीत, तिचं काय? यावर चाहत्यांत एकमत नाही आणि कायद्यात वेगळी सवलतही नाही. हातात असलेला उपाय म्हणजे मागणी नोंदवणं. २०१९ च्या अर्जानं ते करून दाखवलं.

नव्यांनी काय बघावं?

सहकुटुंब बघायला : 'माय नेबर टोटोरो' (१९८८) आणि 'स्पिरिटेड अवे' (२००१). दुसऱ्याला ऑस्करही मिळालं आहे.

मन घट्ट करून बघायला : 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८). युद्धात पोरक्या झालेल्या भावा-बहिणीची गोष्ट. जपानमध्ये हा आणि 'टोटोरो' एकाच दिवशी जोडीनं लागले होते. लहान मुलांना एकट्यानं बघायला देऊ नये.

शाळकरी मुलांसोबत : 'अ सायलेंट व्हॉइस' (२०१६). कर्णबधिर मुलीला वर्गात दिलेला त्रास आणि त्याचा पश्चात्ताप. आत्महत्येचा विषय येतो, त्यामुळं मोठ्यांनी सोबत बसावं.

खेळाची आवड असेल तर : 'हायक्यू'. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट.

रहस्य हवं असेल तर : 'डेथ नोट'. ३७ भागांत संपते.

एकच पूर्ण, नीट शेवट असलेली मालिका हवी असेल तर : 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड'. ६४ भाग.

हलकंफुलकं : 'स्पाय x फॅमिली'. हेर बाप, मारेकरी आई आणि मनातलं ओळखणारी पोरगी.

व्यापारात रस असेल तर : 'स्पाइस अँड वुल्फ'. फिरत्या व्यापाऱ्याच्या गोष्टीत नाण्यातली चांदी कमी करणं, उधारी आणि भावातली चढउतार इतकी सोपी करून येते की कॉमर्सच्या पोरांनी जरूर बघावी. २०२४ मध्ये ती नव्यानं बनली आहे.

'वन पीस'नं मात्र सुरुवात करू नये. १९९९ पासून चालू आहे आणि भागांनी हजाराचा टप्पा कधीच ओलांडला आहे. 'नारुतो' घेतलं तर पहिल्या २२० भागांपैकी शेवटचा मोठा हिस्सा मूळ मांगात नसलेला भरणा आहे. तो गाळला तरी कथा तुटत नाही. सबटायटल की डब, हा वाद मिटणारा नाही. वाचायचा कंटाळा असेल तर डब घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

पालकांसाठी

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वयोगटाची खूण असते. चित्र गोड दिसतंय म्हणून मुलाच्या हाती देऊ नये, आधी ती खूण बघावी. अधिकृत सेवांवर मुलांसाठी वेगळं प्रोफाइल किंवा वयाचं बंधन लावता येतं. चोरीच्या साइटवर अशी कुठलीच राखण नसते, आणि पालकांच्या दृष्टीनं हे कारण पैशापेक्षाही मोठं आहे.

मराठीत कधी?

'इन्फिनिटी कॅसल' चार परकीय आणि भारतीय भाषांत डब होऊन आला. त्यात मराठी नव्हती आणि कन्नडही नव्हती. सीमाभागातली पोरं घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलतात, पण ॲनिमे हिंदीत नाहीतर इंग्रजीत बघतात. कोणत्या भाषेत डब करायचा हे कंपन्या प्रेक्षकांच्या आकड्यांवर ठरवतात. कुठल्या भागात किती लोक बघतात, कोणत्या भाषेत बघतात, याची नोंद अधिकृत ॲपवर आणि यूट्यूबवर राहते. चोरीच्या साइटवर बघणारा त्या आकड्यांत कुठंच धरला जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत किती जण ॲनिमे बघतात हे कंपन्यांना कळायचं असेल, तर निदान यूट्यूबच्या फुकट आणि अधिकृत चॅनेलवरून सुरुवात करता येते. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.